गिरणीचं लोड

रांगेतला शेवटचा डबा दळून झाला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते, आणि लिंबाखालच्या माणसांचं बोलणं तेव्हा कुठं रंगात आलं होतं. गिरणी बंद केली असती तर ती माणसं गप्प झाली असती. म्हणून चांगुणाबाई घरात गेल्या, ज्वारीचं अर्धं पोतं ओढत आणलं आणि दोन टोपली ज्वारी पेटीत ओतली. घरात पीठ भरपूर होतं. पण चाकी रिकामी फिरली की दगड दगडाला खातो, आणि आज चाकी चालू राहणं गरजेचं होतं.

लिंबाखाली चौघं होते. नवरा कडूबा, मोठा मुलगा रामकिसन, धाकटा भारत आणि रामकिसनची मुलगी पायल. गेल्या वर्षी भारताच्या मेव्हणीच्या लग्नात मानपानावरून झालेल्या भांडणानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आज ते एका सावलीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. एवढ्यावरूनच चांगुणाबाईंना कळलं होतं, की आपल्याविरुद्ध जे शिजतंय ते आज ठरणार. हे दोघं दुसऱ्या कशासाठी एकत्र आले नसते.

बत्तीस वर्षं गिरणी चालवल्यावर चांगुणाबाईंना ओठ वाचता येत होते. कुणी शिकवलं नव्हतं. चाकी चालू असताना गिऱ्हाईक दारातून सांगायचं, जाड दळा, बारीक दळा, मिरचीवर आमचे गहू टाकू नका. दर वेळी मोटर बंद केली असती तर दिवसात चार डबे निघाले नसते. पहिली दोन वर्षं हातवारे चालले, पुढं नुसते ओठ पुरले. घरच्या पुरुषांना याचा पत्ता नव्हता, कारण ते गिरणीत कधी थांबलेच नव्हते. कडूबा वीज बोर्डात वायरमन. त्यांचं आयुष्य खांबावर गेलं. पोरं लहानपणी यायची ती पैसे मागायला, आणि त्यासाठी तळहात पुढं केला की भागायचं. बाहेर बोललेलं आत ऐकू जात नाही, अशी तिघांची पक्की समजूत होती. ऐकू जात नव्हतं, हे खरंच होतं.

रामकिसन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. प्रत्येक अक्षर तोंड उघडून, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलायचा. त्याचं वाचायला सगळ्यात सोपं.

"आपल्या मायला मी सांगणार न्हाई," तो म्हणाला. "मोठा म्हणून दर वेळी मीच काहून?"

भारताच्या मिशीमुळं अडचण व्हायची, पण आज तो रागात होता, त्यामुळं ओठ बरेच दिसत होते. "मंग मी सांगू? मी जालन्यात राहणारा माणूस. मस्तगडातून आला अन् गिरणी बंद करून गेला, असं म्हणंल ती. बाप म्हणून दादांनी सांगावं."

कडूबांनी मागच्या दिवाळीला कवळी बसवून घेतली होती. ती सांभाळत बोलायचं म्हणून ते तुकड्या-तुकड्यानं बोलायचे. "सांगायचं कशाला पण? मोटर जळाली म्हणायचं. मी आतून एक वायर काढून ठेवतो. तिला काय कळतंय? मेकॅनिक आज येतो, उद्या येतो... महिना काढू. महिन्यात माणसाला सवय होते."

चांगुणाबाईंनी पेटीत आणखी एक टोपलं ओतलं. जरा जास्तच जोरात ओतलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी त्यांनी ही गिरणी बाजाररोडवर टाकली होती. जागा कडूबांच्या वडिलांनी घेतलेली, पण खोली आणि कनेक्शन चांगुणाबाईंच्या नावावर. पहिले सात महिने त्यांच्या वस्तीतलेच डबे आले. बाजारपेठेतलं दळण स्टेशनजवळच्या गिरणीवर जायचं; लांब पडलं तरी तिकडंच. दिवाळीच्या तोंडावर त्या गिरणीची मोटर जळाली. चकलीच्या भाजण्या घेऊन सात बाया चांगुणाबाई खरातांच्या दारात आल्या. त्यातल्या तिघींनी डबा हातात दिला नाही, उंबऱ्याबाहेर खाली ठेवला आणि लांब उभ्या राहिल्या. चांगुणाबाईंनी सातही डबे ज्या क्रमानं आले त्या क्रमानं दळले. पुढच्या दिवाळीला ती मोटर पुन्हा जळाली. त्याच्या पुढच्या वर्षीही. चांगुणाबाईंची मात्र बत्तीस वर्षांत एकदाही जळाली नाही. त्या दर रविवारी ती स्वतः उघडून पुसायच्या, वंगण घालायच्या, व्होल्टेज पडलं की आधी बंद करायच्या. बदनापुरात कुणाच्या घरी कार्य निघालं की आधी विचारणा व्हायची, 'खरातबाईची गिरणी चालू हाय ना?' आणि ती असायची.

आता नवराच म्हणत होता, मोटर जळाली म्हणू.

भानगड नेमकी काय आहे, ते त्यांना गेल्या आठ दिवसांत दाराबाहेरच्या ओठांवरून तुकड्या-तुकड्यानं कळलं होतं. पायल इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून सहा महिन्यांपूर्वी गावी आली होती. गिरणीपुढच्या मोकळ्या जागेत तिला विजेच्या गाड्या जलद चार्ज करायचं मशीन बसवायचं होतं. मशीन एका कंपनीचं, जागा घरची, चालवणार पायल. जालना ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरची माणसं बदनापुरात थांबतील, अर्धा-पाऊण तास बाजारात फिरतील, काहीतरी घेतील, असा तिचा हिशोब. घोडं अडलं होतं डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी. बाजारातल्या डीपीवर पंचवीस किलोवॅटची जागा शिल्लक होती आणि मशीनला तीस लागत होते. नवी डीपी कधी मिळेल, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. त्याच डीपीवर गिरणीची दहा हॉर्सपॉवरची मोटर साडेसात किलोवॅटचं लोड अडवून बसली होती. गिरणी गेली तर मशीन बसत होतं. आज कंपनीचा माणूस जागा पाहायला येणार होता. त्याला आजच्या आज लेखी मिळालं नाही, तर मशीन हायवेवरच्या एका ढाब्यावर जाणार होतं.

हे सगळं तिघं पुरुष बोलत होते. पायल बोलत होती का, हे मात्र चांगुणाबाईंना समजत नव्हतं. ती गिरणीकडं पाठ करून उभी होती.

आणि हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागत होती. कारण घरात एकट्या पायलला ठाऊक होतं, की आजी ओठ वाचते. तिची आई अंगणवाडीत, घरी यायला उशीर. म्हणून पोर शाळेतून सुटली की गिरणीत. पोत्यावर बसून पाढे म्हणायची, आवाज न करता, आणि सतराचा पाढा चुकला की चांगुणाबाई पलीकडून बोट हलवायच्या. ओठ वाचण्यात पोरगी त्यांच्याहून तयार झाली होती. तीच आज पाठ फिरवून उभी होती. ज्याला लपवायचं असतं तोच पाठ फिरवतो, असं चांगुणाबाईंच्या मनात आलं. मग मनात आल्याबद्दल स्वतःचाच राग आला. तरी नजर त्या वेणीवरून हलेना.

लिंबाखाली आता वेगळंच वळण लागलं होतं.

"गिरणीची खोली रिकामी होईल तिथं सुमितला कोल्ड्रिंकचं दुकान टाकून देऊ," भारत म्हणाला. सुमित म्हणजे त्याचा मुलगा. तीन वर्षांत चार धंदे बदललेला. "गाडीवाले बसतील, थंड पितील."

"ती खोली पायलच्या ऑफिसला ठरलीय," रामकिसन म्हणाला.

"कुणी ठरवली?"

"दादांनी. सोमवारी."

"मला तर दादांनी शनिवारीच दिली! फोनवर!"

दोघांनीही कडूबांकडं पाहिलं. कडूबांनी लिंबाकडं पाहिलं.

"खोली एक अन् पोरं दोन," ते शेवटी म्हणाले. "मी काय करू? तशीबी ती तिच्या नावावर हाय. मी आपली तोंडानं दिल्ती."

गिरणीत एकट्याच बसलेल्या चांगुणाबाईंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पीठ झटकल्यासारखं केलं. चार मिनिटांपूर्वीची युती मोडली होती. भाऊ आता एकमेकांपासून दोन हात लांब उभे होते आणि दोघांचाही राग बापावर होता. पोत्यात ज्वारी थोडीच उरली होती, पण त्यांनी तीही ओतली. असला कार्यक्रम मध्येच सोडवत नाही.

तेवढ्यात गाडी आली. ती येताना आवाज झाला नाही, म्हणून कडूबा बाजूला झाले नाहीत, आणि पांढरी मोटार त्यांच्या धोतराला जवळजवळ टेकूनच थांबली. आतून तिशीचा एक पोरगा उतरला. घामाघूम. हात जोडून म्हणाला, "नमस्कार, मी स्वानंद. कंपनीकडून." आणि लगेच, आवाज खाली आणून, "इथं कुठं प्लग मिळेल का? गाडीत चार टक्केच चार्जिंग राहिलंय."



"म्हंजे मशीन आम्हाला पाहिजे का तुम्हाला?" कडूबांनी विचारलं.

"सकाळी हसनाबादला गेलो होतो, काका. तिथून अंदाज चुकला. एसी बंद करून आलो सगळा रस्ता."

"अंदाज चुकला," कडूबा भारताला म्हणाले. "साहेबाचा चुकतो. मंग आपला चुकला तर काय झालं?" आपल्यावरचा विषय टळल्यामुळं त्यांना एकदम हुशारी आली होती.

पायलनं गाडीतली वायर काढली आणि गिरणीच्या भिंतीवरच्या जाड प्लगमध्ये लावली. गाडीचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, विझला. स्वानंदनं वर तारांकडं पाहिलं. "व्होल्टेज कमी पडतंय. गिरणी थोडा वेळ बंद करता येईल का?"

यावर रामकिसननं भारताकडं पाहिलं. भारतानं कडूबांकडं पाहिलं.

"तू सांग," भारत म्हणाला.

"तू सांग की. प्लगचंच तर सांगायचंय."

"प्लगचं सांगता-सांगता बाकीचं विचारलं तर?"

कुणी दारापर्यंत पोचायच्या आत चाकी मंद झाली. पट्ट्यानं दोन सुस्कारे टाकले आणि गिरणी थांबली. बाजाररोडवरची भाजीवाल्यांची ओरड एकदम जवळ आल्यासारखी वाटली. चांगुणाबाई डोक्यावरचं पीठ झटकत दारात आल्या.

"केली बंद," त्या म्हणाल्या. "लावा गाडी."

गाडीचा दिवा आता स्थिर लागला. स्वानंद हसला. बाकीचे तिघं हसले नाहीत.

"तुला कसं कळलं, बंद करायची म्हणून?" कडूबांनी विचारलं.

"मोटर जळाली न्हाई का?" चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमीच तर आतून वायर काढून ठेवणार हुते. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो. महिन्यात माणसाला सवय होते."

कडूबांची कवळी हलली.

"अन् रामकिसन, तू मोठा म्हणून दर वेळी तूच काहून, न्हाई का? बराबर हाय. आता बारका सांगंल. पण बारका पडला मस्तगडातला माणूस. शनिवारी त्याला फोनवर खोली मिळाली. कोल्ड्रिंकवाल्याचा बाप झाला तो. सोमवारी तीच खोली तुझ्या लेकीच्या ऑफिसला. अन् मालकीण आत बसून घरची ज्वारी दळती. बगा, अर्धं पोतं दळलं तुमच्या पायी. आता महिनाभर भाकरी खायच्या सगळ्यांनी. चपातीचं नाव काढायचं न्हाई."

"माय, तुला ऐकू येतंय आतून?" रामकिसनचा आवाज वर्गात पकडलेल्या पोरासारखा निघाला.

"कुठं येतंय? एवढ्या आवाजात कुणाला ऐकू येतंय?" त्यांनी त्याच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "दिसतंय."

रामकिसनला समजायला तीन सेकंद लागले. मग त्यानं आपोआप ओठ मिटले. भारताचा हात मिशीवर गेला. कडूबांच्या डोळ्यांपुढून बहुधा गेल्या बत्तीस वर्षांतलं, गिरणीच्या दाराशी उभं राहून मित्रांशी बोललेलं सगळं सरकत गेलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"दवाखान्याचं नाव सांगून जालन्याला तमाशा बघाय गेल्तो, ते..." ते पुटपुटले.

"तेबी," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याला एकोणीस वर्षं झाली. राहू द्या आता."

स्वानंद फाइल छातीशी धरून उभा होता. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण आपण घरातल्या माणसांच्या मध्ये सापडलोय एवढं कळलं होतं. चांगुणाबाईंनी त्याला आतून लोखंडी खुर्ची आणून दिली. मग त्या पायलकडं वळल्या. हिच्याशी बोलताना आवाजातली गंमत गेली.

"तू काहून पाठ करून उभी हुतीस गं?"

पायल वळली. तिचे डोळे भरलेले नव्हते, पण नाकाचा शेंडा लाल होता; लहानपणी पाढा चुकल्यावर व्हायचा तसा.

"यांना इथं मीच आणलं, आजी," ती म्हणाली. "हे तर घरात, मागच्या खोलीत बसून बोलणार होते. मी म्हटलं, लिंबाखाली चला, जागा नीट दिसते. तिथं उभे राहिले की तोंडं गिरणीकडं होतात."

"अगं!" रामकिसन म्हणाला.

"मग काय करू, पप्पा? तुम्ही आठ दिवस झाले, तिला सांगतो सांगतो म्हणून राह्यलेत. मी सांगू म्हटलं तर नको म्हणालात. तिला कळायला तर पाहिजे."

"ते कळलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "पाठीचं सांग."

पायल उंबऱ्याजवळ आली. "माझं तोंड बघितलं असतंस, तर मला किती पाहिजे हाय ते तुला दिसलं असतं. मंग तू विचार न करता हो म्हणाली असतीस. म्हणून पाठ केली."

चांगुणाबाईंनी उंबऱ्यावर बसून पदरानं हात पुसले. हाताला लागलेलं पीठ पदराला लागलं, पदराचं पुन्हा हाताला लागलं.

"आता तर वळलीस," त्या म्हणाल्या. "मंग माग की."

"आजी, मला तुझं लोड पाहिजे. देतेस का?"

"गेल्या आठ दिवसांत हे एवढंच कुणी विचारलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "घे."

असं म्हणून त्या उठणार, तोच बाजूनं आवाज आला, "म्हंजे? काय घे?"

रांगेत सकाळी डबे ठेवून बाजारात गेलेल्या बाया परत आल्या होत्या. पुढं सगुणाबाई. दळण न्यायला आल्या होत्या आणि गिरणी थंड पाहून थांबल्या होत्या. त्यांच्या मागं आणखी तिघी, भाजीच्या पिशव्या घेऊन.

पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं. 'मोटर जळाली' हे वाक्य रामकिसनच्या ओठांवर येतंय, हे चांगुणाबाईंना दिसलं. त्यांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि त्यानं ते गिळलं.

"गिरणी बंद करून राह्यले मी," चांगुणाबाई म्हणाल्या. "मोटर ठणठणीत हाय. लोड नातीच्या मशीनला देते. विजेच्या गाड्या चार्ज व्हतील इथं."

"विजेची गाडी हाय कुणाकडं, बदनापुरात?"

"बाहेरून येतील."

"म्हंजे," सगुणाबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, "बाहेरच्याच्या गाडीला वीज, अन् आमच्या घरात पीठ न्हाई. बरंय. मी दळण घेऊन स्टेशनपातूर चालत जाऊ? माझा गुडघा पाह्यलास का तू?"

मागच्या तिघींनी आपापले गुडघे आठवले. बोलणं वाढलं. गाडीवाल्यांनी आपल्या गावात चार्ज करावं, आम्ही काय घोडं मारलंय. लग्नाच्या हळदीचं दळण कुठं न्यायचं. ती स्टेशनची गिरणी, तिची तर मोटरच जळते. हे शेवटचं ऐकून चांगुणाबाईंना आतून बरं वाटलं. सकाळपासून त्या मशीनच्या विरुद्ध पक्षात होत्या. आता अचानक मशीनच्या बाजूनं लढायची पाळी आली होती, तीही स्वतःच्या गिऱ्हाइकांशी. पायलचा सगळा हिशोब गाडीवाल्यांचा होता. पाच किलोचा डबा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईचा रकाना त्यात नव्हता.

"प्रश्न बराबर हाय बाईचा," ती हळूच म्हणाली.

"पंचवीस शिल्लक," कडूबा एकदम म्हणाले. ते डीपीच्या दिशेनं तोंड करून उभे होते. चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस, पण खांबाकडं पाहताना पाठ सरळ झाली होती. "गिरणीचे साडेसात. झाले साडेबत्तीस. तीस मशीनला. मंग अडीच उरतात की नाही, साहेब?"

स्वानंदनं मोबाइल काढला. "उरतात."

"तीन हॉर्सपॉवरची बारकी चाकी सव्वादोन खाते. सिंगल फेजवर चालते. कनेक्शन बंद न्हाई करायचं, लोड कमी करायचं. अर्ज वेगळा." त्यांनी बायकोकडं पाहिलं नाही, पण बोलणं तिच्यासाठीच होतं. "मशीनच्या मीटरवर गिरणी लावायची न्हाई बरं का, ते चोरीत धरतात. हे आपल्याच मीटरवर. हक्कानं."

"पाव किलोवॅट तरीही राहतो," स्वानंद म्हणाला.

"त्याच्यावर पंखा लावू तुम्हाला. पुढच्या वेळी एसी बंद करून यायची पाळी येणार न्हाई."

रामकिसन हसला. भारत हसला. भाऊ एकमेकांकडं बघून हसले आणि मग त्यांना आठवलं, की आपलं भांडण आहे.

"बारक्या चाकीला वेळ लागंल," चांगुणाबाई सगुणाबाईंना म्हणाल्या. "आत्ता दहा मिनिटात होतं, त्याला पाऊण तास. मिरची न्हाई दळणार. लग्नाचं दळण न्हाई."

"पाऊण तास! तोवर मी काय करू?"

"ते गाडीवालेबी पाऊण तासच थांबणार हायत. त्यांना विचार, काय करतात."

"मी त्यांच्याशी काय बोलू, बाई?" सगुणाबाई म्हणाल्या. पण पिशवी उचलली आणि आपल्या डब्याकडं गेल्या. झाकण उघडून पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. "आजचं बारीक झालंय," त्या म्हणाल्या. तक्रार होती की शाबासकी, ते त्यांनाच ठाऊक. लग्नाच्या दळणाचं मात्र त्या जाताना पुन्हा एकदा बोलून गेल्या.

बाया गेल्यावर स्वानंदनं फाइल उघडली. मशीनचा करार, जागेची संमती, आणि बोर्डाच्या कोऱ्या अर्जांतून शोधून काढलेला लोड कमी करण्याचा अर्ज. अक्षर चांगलं म्हणून अर्ज रामकिसनकडं गेला. तो लिंबाच्या पारावर बसला, पेन झटकलं आणि भरू लागला. ग्राहकाचं नाव. पत्ता. सध्याचा भार. मागणीचा भार. सातव्या रकान्यापाशी थांबला नाही, सरळ लिहीत गेला आणि आईपुढं धरला. "कर सही."

"वाच आधी."

"सगळं बराबर हाय, माय."

"सकाळपासून तुमचं सगळं बराबरच हाय. वाच."

रामकिसननं वाचलं. सातव्या रकान्यात, 'भार कमी करण्याचे कारण', यापुढं त्यानं लिहिलं होतं: मोटर जुनी व नादुरुस्त झाल्यामुळे.

भारतानं कपाळावर हात मारला.

"अरे, सवयीनं लिहिलं," रामकिसन म्हणाला. "असंच लिहायचं असतं. ऑफिसात चालतं असं."

"खोड ते."

त्यानं खोडलं. "मग काय लिहू? वयोमानामुळे?"

"कुणाच्या? मोटरीच्या का माझ्या?"

"ग्राहकाच्या."

"ग्राहक सकाळी सहापासून उभा हाय. त्याला काय झालंय?"

"घरगुती कारणास्तव, असं लिहा," स्वानंदनं मदत म्हणून सुचवलं. चांगुणाबाईंनी त्याच्याकडंही तसंच पाहिलं आणि तो गाडीची टक्केवारी बघायला गेला. नऊ झाली होती.

"चांगुणा," कडूबा समजुतीनं म्हणाले, "मी बोर्डात एवढी वर्षं काढली. हजार अर्ज पाह्यले. कारण कुणी वाचत न्हाई गं. तो रकाना नुसता भरायचा असतो."

"वाचू नका," चांगुणाबाई म्हणाल्या. "पण खरं लिहा."

"खरं काय लिहू, ते तरी सांग," रामकिसन म्हणाला.

चांगुणाबाईंनी नातीकडं पाहिलं. पायल वायरपाशी वाकून उभी होती, ती सरळ झाली.

"लिही," चांगुणाबाई म्हणाल्या. "नातीनं मागितलं म्हणून दिलं."

रामकिसननं पेन टेकवलं, आणि वर्गात फळ्यावर लिहितो तसं, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं.